चट्टा, रॅश आणि डोळे : कुष्ठरोग किंवा ल्युपस असेल तर घरी काय बघायचं

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, दुखत नाही म्हणजे काही झालं नाही असं या आजारांमध्ये धरायचंच नाही. कुष्ठरोगात नसा बधीर होतात त्यामुळे डोळ्यात कचरा गेला, जखम झाली तरी माणसाला कळत नाही आणि तोपर्यंत बुबुळावर फूल पडलेलं असतं. कोलॅजनच्या आजारांमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते आजार), म्हणजे ल्युपस, स्क्लेरोडर्मा, संधिवात वगैरे, डोळे बऱ्याचदा हळूहळू कोरडे होत जातात आणि आपण म्हणतो मोबाईलमुळे झालं असेल.

त्वचेपासून सुरुवात करू. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, खाज नाही, घाम नाही, तर माणसाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या टोकाने आधी चांगल्या त्वचेला मग चट्ट्याला हलकेच स्पर्श करा, कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर उशीर न करता जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवा. आणि कळला तरी चट्टा जात नसेल तर दाखवाच, कारण काही प्रकारांत चट्टे सुरुवातीला बधीर नसतात. एमडीटीच्या (कुष्ठरोगावर एकत्र दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या) गोळ्या तिथे फुकट मिळतात, कमी चट्टे असले तर 6 महिने आणि जास्त असले तर 12 महिने. गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच माणसापासून दुसऱ्याला लागण व्हायची थांबते, त्यामुळे घरात त्याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं असलं काही करू नका प्लीज, त्याने माणूस आजार लपवायला लागतो आणि खरं नुकसान तिथेच होतं. ठाण्यात राहत असाल आणि ओळखीचं कोणी बघेल अशी भीती वाटत असेल तर मुंबईत वडाळ्याला महापालिकेचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, वाशी-नेरुळवाल्यांना हार्बर लोकलने सरळ जाता येतं. मेडिकलमधून गजकर्णाची मिक्स क्रीम आणून महिनोन्महिने लावत बसू नका, त्यात स्टेरॉइड असतं, चट्टा तात्पुरता बदलतो आणि डॉक्टरला ओळखायला अवघड जातं.

गोळ्यांनी लघवी लालसर होते (रिफाम्पिसिनमुळे), त्वचा काळवंडते आणि कोरडी पडते (क्लोफाझिमिनमुळे). घाबरून बंद करू नका, रंग गोळ्या संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. पाय बधीर असतील तर रोज 20 मिनिटं साध्या पाण्यात बुडवा, पुसायच्या आधीच ओल्यावर खोबरेल तेल लावा. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की घरी आल्यावर तळवे बघायचेच, काच घुसलेली कळत नाही.

आता डोळे. कुष्ठरोग असलेल्याला रोज सकाळी आरशासमोर झोपल्यासारखे हलकेच डोळे मिटायला सांगा, जोर लावून नाही. पापण्यांमध्ये फट राहते का बघा. फट नवीन असेल, साधारण 6 महिन्यांच्या आतली, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती भरून यायची चांगली शक्यता असते, म्हणून हा दिवस वाया घालवायचा नाही. तोवर दिवसा गॉगल, रात्री डोळ्यावर स्वच्छ कापड, आणि आठवण ठेवून पापण्या मिटत राहायच्या. अंगावर लाल दुखऱ्या गाठी, ताप आणि डोळा लाल, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, असं सगळं एकत्र आलं तर ती कुष्ठरोगातली (प्रतिकारशक्ती अचानक भडकण्याची) रिअ‍ॅक्शन असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. पण एमडीटी बंद करायची नाही.

ल्युपसवाल्यांचं मुख्य भांडण उन्हाशी. नाक आणि दोन्ही गालांवर रॅश येतो आणि उन्हाने वाढतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी सोडा, कारमध्ये काच बंद आहे म्हणून निश्चिंत राहू नका कारण उन्हातले यूव्हीए किरण काचेतून येतात. एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, ढग असले तरी. वरच्या पापण्यांवर जांभळट रंग आणि जिने चढताना मांड्यांत ताकद नाही, असं असेल तर तो डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना सूज आणणारा आजार) असू शकतो, अ‍ॅलर्जी म्हणून सोडू नका. स्क्लेरोडर्मात (त्वचा कडक होत जाणारा आजार) थंडीने बोटं पांढरी-निळी पडतात, ऐरोली-महापेच्या ऑफिसमधला एसी त्यासाठी पुरेसा आहे, बिनधास्त हातमोजे घालून बसा, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपस, संधिवातात देतात ती गोळी) चालू असेल तर पहिल्या वर्षातच डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या, नंतर 5 वर्षांपासून दरवर्षी, आणि किडनीचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच. डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे 60 किलोला दिवसाला 300. वजन कमी झालं असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात, म्हणून डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या, आणि उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स घरातल्या दुसऱ्या कोणाच्या लाल डोळ्यात टाकू नका. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं आणि तोंडही कोरडं पडतं, तर श्योग्रेन (अश्रू आणि लाळ कमी करणारा आजार) असू शकतो, शर्मर टेस्ट विचारा, कागदाची पट्टी पापणीत ठेवून 5 मिनिटांत किती ओली होते ते बघतात.

डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना त्वचेच्या डॉक्टरांचे कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.