फौजेतल्या क्लार्कची युद्धपदकं कशी वाचावीत

‘ते काय, ऑफिसात होते,’ असं म्हणत फौजेतल्या क्लार्कची पदकं घरोघरी ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात. माझे वडील १९६३ साली क्लार्क म्हणून भरती झाले आणि २४ वर्षांनी निवृत्त झाले. त्यांच्या पदकांचा अर्थ मला ते गेल्यावर लावावा लागला. तो कसा लावला, ते सांगतो.

आधी एकच पथ्य: घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीही नको. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेवर इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि कोअर किंवा रेजिमेंट (म्हणजे फौजेतली त्याची शाखा) उमटवलेली असते. घासल्यावर नेमकी हीच अक्षरं झिजतात. पदकं सुटी करण्याआधी ती ज्या पट्टीवर ओळीने लावलेली असतात तिचे पुढून-मागून फोटो काढा, म्हणजे क्रम हरवणार नाही.

मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च कडेशी आडवा धरा. बाबांच्या एका पदकावर दिवसाउजेडी काहीच दिसत नव्हतं. प्रकाश तिरका पडला तसे आधी नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसले, मग आमचं आडनाव. ताऱ्याच्या आकाराच्या पदकांना तशी कड नसते, त्यांची पाठ पाहा. नंबराआधी ‘जेसी’ असेल तर माणूस नायब सुभेदार किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या काही पदकांवर नाव नसतंच. तिथे कागदांवरच भिस्त.

आता पदकांची वर्गवारी करा. काही पदकं सरसकट मिळालेली असतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचं पदक मिळालं. ९ आणि २० वर्षांच्या सेवेची वेगळी पदकं असतात. ही झटकन बाजूला ठेवता येतात.

खरी गोष्ट ठिकाण सांगणाऱ्या पदकांत आहे. १९६५च्या युद्धासाठी दोन पदकं: रक्षा मेडल पुष्कळांना मिळालं, समर सेवा स्टार मात्र लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना. १९७१साठी संग्राम मेडल व्यापक, पूर्वी स्टार पूर्व आघाडीसाठी आणि पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीसाठी. हे तारे देताना हातात रायफल होती की टाइपरायटर, हे पाहिलेलं नाही. माणूस कुठे होता ते पाहिलं. बाबांकडे पूर्वी स्टार आहे. म्हणजे ‘ऑफिसात होते’ हे खरंच, पण ते ऑफिस पूर्व आघाडीवर होतं. कोण जखमी, कोण बेपत्ता, कोणाची बदली, कोणाच्या घरी पैसे पाठवायचे, हे सगळं ‘पार्ट टू ऑर्डर’ या जवानांच्या नोंदींच्या अधिकृत कागदात बिनचूक चढवणं हे त्यांचं काम. एक आकडा चुकला तर एखाद्या घराचं पेन्शन अडायचं. या कामाला मी शौर्याइतकाच मान देतो.

यानंतर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, काढा आणि त्यातली पदकांची नोंद समोरच्या पट्टीशी ताडून पाहा. पुस्तकात आहे पण पट्टीवर नाही, किंवा उलट, असं काही निघालं तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) नंबर, हुद्दा, नाव आणि सेवेची वर्षं लिहून पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. क्लार्कच्या बाबतीत इथे हमखास घोटाळा होतो: ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या मुख्यालयात काम केलेला क्लार्क दुसऱ्याच कोअरचा असू शकतो. पत्र त्याच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जायला हवं, काम केलेल्या युनिटला नव्हे. पत्ता सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद घेऊन जा.

शेवटी प्रत्येक पदक वेगळ्या सुती कापडात गुंडाळा, म्हणजे एकमेकांवर घासणार नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. सोबत एका कागदावर पदकाचं नाव, कडेवरचा मजकूर जसाच्या तसा आणि तेव्हा ते कुठे होते, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा.