नोकरी सांभाळून आर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स: वेळेच्या आणि पैशांच्या हिशेबातल्या या चुका टाळा

अमेरिकेत म्युझियम, नाट्यसंस्था, ऑर्केस्ट्रा किंवा नृत्यसंस्थेच्या कचेरीत काम करणारे बरेच जण कधी ना कधी आर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सचा, म्हणजे कलासंस्था चालवण्याच्या पदव्युत्तर पदवीचा, विचार करतात. नोकरी सोडायची नाही, एवढं पक्कं असतं. मग खर्चाचा हिशेब एका गुणाकारावर उरकला जातो: एका क्रेडिटची (अभ्यासक्रम मोजायच्या एककाची) फी गुणिले एकूण क्रेडिट. हा आकडा खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर घेतलेले निर्णय फसतात. तुम्ही कोणत्या वेगाने शिकता आणि त्या त्या वर्षी पैसे कोणाच्या खिशातून जातात, यावर खरा खर्च ठरतो.

हळू शिकलं की स्वस्त पडतं (किंवा महाग पडतं), असं न मोजताच धरून चालणं

हे अभ्यासक्रम साधारण ३६ ते ६० क्रेडिटचे असतात. ३६ क्रेडिटचा म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे १२ कोर्स. हिशेबापुरतं धरू की क्रेडिटला ९०० डॉलर, म्हणजे कोर्सला २,७०० डॉलर लागतात, दर सेमिस्टरला ३०० डॉलरची वरकड फी आहे आणि ट्यूशन (शिकवण्याची मूळ फी) दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढते.

फॉल (ऑगस्ट-डिसेंबर), स्प्रिंग (जानेवारी-मे) आणि समर, प्रत्येक सेमिस्टरला एकच कोर्स घेतला तर चार वर्षं लागतात. ट्यूशन सुमारे ३३,९०० आणि वरकड फी १२ वेळा, म्हणजे ३,६००. फॉल-स्प्रिंगला दोन-दोन आणि समरला एक घेतला तर सात सेमिस्टरमध्ये, म्हणजे जेमतेम अडीच वर्षांत संपतं. ट्यूशन सुमारे ३३,१०० आणि वरकड फी २,१००. म्हणजे हळू शिकणं सव्वादोन हजारांनी महाग.

आता यात मालकाची मदत घाला. अमेरिकेच्या करकायद्यातल्या कलम १२७ प्रमाणे नोकरी देणारी संस्था कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत देऊ शकते आणि त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. (२०२६ नंतर ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढत जाईल. इथे जुनाच आकडा धरला आहे.) फॉलला सुरुवात केली तर चार वर्षांचा संथ मार्ग पाच कॅलेंडर वर्षांवर पसरतो. पहिल्या वर्षी एका कोर्सचे २,७०० आणि पुढची चार वर्षं पूर्ण ५,२५०, असे मिळून २३,७०० डॉलर संस्थेकडून येतात. जलद मार्ग तीनच कॅलेंडर वर्षांत बसतो, म्हणून १५,७५० वर अडतो. फरक जवळजवळ आठ हजारांचा. सव्वादोन हजारांचं नुकसान भरून निघून वर साडेपाच हजारांहून थोडे जास्तच वाचतात.

संस्था काही देत नसेल तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत उरते. वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतच्या शैक्षणिक खर्चावर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर करातून वजा होतात. एकच कोर्स घेतला असला तरी चालतं. संथ मार्गावर दरवर्षीचा खर्च दहा हजारांच्या आत राहतो, म्हणून सगळ्या ट्यूशनवर सवलत मिळते. जलद मार्गावर दोन वर्षं ती २,००० वर थांबते. या एका गोष्टीने संथ मार्गाला सुमारे १,७०० डॉलर परत मिळतात आणि दोन्ही मार्ग जवळपास सारखे पडतात. तेव्हा आपले आकडे घालून दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय वेग ठरवू नका.

एक खोच मराठी घरांत हमखास आढळते. या सवलतीला उत्पन्नाची अट आहे. एकट्याचं उत्पन्न ८०,००० ते ९०,००० च्या दरम्यान आणि जोडप्याच्या एकत्र रिटर्नमध्ये १,६०,००० ते १,८०,००० च्या दरम्यान ती कमी होत शून्यावर येते. आयटीतला एक पगार आणि कलासंस्थेतला दुसरा अशा घरात ती बहुधा मिळतच नाही. वेगवेगळं रिटर्न भरून पळवाट निघेल म्हणाल, तर तसं भरणाऱ्या जोडप्यांना ही सवलत नाहीच. आणि कलम १२७ ची मदत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी असते. नवऱ्याच्या कंपनीच्या योजनेत बायकोची फी करमुक्त बसत नाही.

एचआरशी तोंडी बोलून पुढे जाणं

५,२५० ची मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, शैक्षणिक वर्षाची नाही. बहुतेक संस्था आधी पैसे देत नाहीत. ग्रेड लागल्यावर, तोही अनेक ठिकाणी बी किंवा त्याहून वरचा असेल तरच, परतफेड करतात. फॉलची फी ऑगस्टमध्ये भरलीत तर पैसे डिसेंबर-जानेवारीत हातात येतात. जानेवारीत आले तर ते पुढच्या वर्षाच्या मर्यादेत मोजले जातात आणि गेल्या वर्षाची जागा वाया जाते. पहिल्या दोन सेमिस्टरचे पैसे स्वतःच्या गाठीशी हवेत, ते यासाठी. नाहीतर क्रेडिट कार्डाचं व्याज त्या मदतीचा चांगलाच घास घेतं.

मदत घेतल्यावर वर्ष-दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत, अशी अट असते का, ते सहीच्या आधी वाचा. कलेच्या क्षेत्रात बढती बहुधा संस्था बदलूनच मिळते, त्यामुळे ही अट इथे जास्त टोचते. आणि ज्या डॉलरची परतफेड झाली, त्याच डॉलरवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट घेता येत नाही. विद्यापीठाच्या १०९८-टी फॉर्मवरचा (त्यात वर्षभराच्या फीची नोंद असते) पूर्ण आकडा तसाच रिटर्नमध्ये घातला तर आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याची, नोटीस ओढवू शकते.

लहान नाट्यसंस्थेत अशी योजना नसतेच. पण ती सुरू करायला लेखी योजना लागते आणि ती फक्त वरच्या पगारवाल्यांच्या फायद्याची असून चालत नाही. वर्षाला हजार डॉलर दिले तरी चालतात. कार्यकारी संचालकांकडे पगारवाढ मागण्यापेक्षा हे मागणं सोपं जातं, कारण तेवढ्याच रकमेवर संस्थेचाही पेरोल टॅक्स (पगारावर मालकाला भरावा लागणारा कर) वाचतो.

आठवड्याचे तास कमी धरणं

क्रेडिटच्या केंद्रीय व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचं काम अपेक्षित असतं. म्हणजे एका कोर्सला आठवड्याला ९ तास, एकूण १३५. सगळ्या पदवीला १,६२० तास. हाच कोर्स आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला की आठवड्याला १७ तास होतात. आठ आठवड्यांच्या सत्रात दोन कोर्स एकदम घेणं म्हणजे ३४ तासांची दुसरी नोकरी. ऑनलाइन आहे म्हणून हे तास कमी होत नाहीत, फक्त प्रवास वाचतो.

त्यात कलासंस्थांचं वर्ष विद्यापीठाच्या वर्षावर नेमकं आपटतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये देणगीदारांना वर्षअखेरची पत्रं जातात, बॅले कंपनीत ‘नटक्रॅकर’ हा नाताळचा बॅले चालू असतो, आणि त्याच वेळी फॉलच्या अंतिम असाइनमेंट येतात. वसंतात गाला (देणग्या जमवायचा समारंभ), आणि आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असेल तर मे-जूनमध्ये बजेट. डेव्हलपमेंट (देणग्या जमवणाऱ्या) विभागात असाल तर फॉलला एकच कोर्स घ्या, समरला दोन. बॉक्स ऑफिसवर असाल तर सीझनचं वेळापत्रक हाती आल्याशिवाय नोंदणी करू नका. फायनान्सचा कोर्स लोक भीतीने शेवटी ठेवतात. तो पहिल्या वर्षी घ्यावा: ऑडिट, ताळेबंद आणि निर्बंधित निधी (देणगीदाराने ठरवलेल्या कामासाठीच वापरायचा पैसा) कळू लागला की नोकरीतच त्याचा उपयोग सुरू होतो आणि पुढचे दोन-तीन कोर्स हलके जातात.

बॉस्टन युनिव्हर्सिटीत या विषयाचे वर्ग संध्याकाळी भरतात. फिलाडेल्फियाचं ड्रेक्सेल आणि केंटकी विद्यापीठ हा अभ्यासक्रम ऑनलाइन देतात. येलच्या डेव्हिड गेफेन स्कूल ऑफ ड्रामाने २०२१ मध्ये ट्यूशन माफ केली ही बातमी खरी आहे, पण तिथला थिएटर मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पूर्णवेळ, न्यू हेवनला राहून करायचा. पगार सोडून मिळणारी मोफत पदवी नोकरदाराला फुकट पडत नाही.

एका कोर्सवर कर्ज मिळेल, असं धरणं

सरकारी कर्जासाठी किमान हाफ-टाइम नोंदणी लागते. पदव्युत्तर पातळीवर पूर्णवेळ म्हणजे बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट, तेव्हा हाफ-टाइम साडेचार किंवा पाच. तीन क्रेडिटचा एकच कोर्स त्यात बसत नाही. जिथे सेमिस्टरमध्ये आठ-आठ आठवड्यांची दोन सत्रं असतात, तिथे एकामागून एक दोन कोर्स घेऊन हाफ-टाइम पूर्ण करता येतं. नोकरदारांसाठी ही रचना सोयीची आहे.

१ जुलै २०२६ पासून नियमही बदलत आहेत. नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं जादा सरकारी कर्ज बंद होतं. अशा मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा राहते, आणि पूर्णवेळ नसाल तर वार्षिक रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. हाफ-टाइमला ढोबळमानाने १०,२५० धरा. नोकरीच्या एच-१बी किंवा जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर असाल तर सरकारी कर्ज नाहीच. त्यासाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा ठरावीक दर्जा लागतो.

सगळ्यात महागडी चूक मात्र जुन्या कर्जाची. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा, संस्थेत आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्याला पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस योजनेत १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं डायरेक्ट (थेट केंद्र सरकारचं) कर्ज माफ होतं. पण मास्टर्सला हाफ-टाइम नाव घातलं की पदवीच्या वेळचं कर्ज आपोआप इन-स्कूल डिफरमेंटमध्ये (शिकत असताना हप्ते थांबवण्याच्या सोयीत) जातं. हप्ता थांबला म्हणून बरं वाटतं, पण ते महिने १२० मध्ये मोजले जात नाहीत. अडीच वर्षं अशी गेली तर माफी अडीच वर्षांनी लांबते. उपाय साधा आहे: नोंदणी झाल्या झाल्या लोन सर्व्हिसरला (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) डिफरमेंट नको असल्याचं लेखी कळवा आणि उत्पन्नावर आधारित हप्ता चालू ठेवा. प्रत्येक सेमिस्टरनंतर खात्यावर नजर टाका, कारण नव्या नोंदणीची माहिती गेली की डिफरमेंट पुन्हा लागू शकतं.

किती कर्ज झेपेल हे ठरवायला विद्यापीठाच्या माहितीपत्रकापेक्षा फॉर्म ९९० हे संस्थेचं वार्षिक विवरणपत्र बरं. बहुतेक ना-नफा संस्थांना तो दरवर्षी भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. ज्या चार-पाच संस्थांत पुढे जायचं आहे त्यांचे ९९० उघडा आणि संचालक व वरच्या पदांचे पगार पाहा. लहान संस्थेच्या संचालकाचाच पगार बेताचा दिसला, तर तीस हजारांचं कर्ज आणि ‘पुढे बढती मिळेल’ ही आशा एका वहीत मांडू नका.

इंटर्नशिपचा विचार शेवटी करणं

बऱ्याच अभ्यासक्रमांत तीन क्रेडिटची इंटर्नशिप सक्तीची असते. तास शंभराच्या वरच असतात, आणि फी तुम्हीच भरायची. चालू नोकरीच इंटर्नशिप म्हणून धरतात का? काही ठिकाणी धरतात, पण नेहमीचं काम चालत नाही. वेगळा प्रकल्प, वेगळा पर्यवेक्षक आणि आधी मंजूर केलेली उद्दिष्टं लागतात. हे प्रवेश घेण्याआधी ईमेलवर विचारा. आपल्याच महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव दाखवून सुटका होईल, असं समजू नका. तिथे देखरेख करायला या क्षेत्रातली व्यावसायिक व्यक्ती लागते, अध्यक्षपदी जाऊबाई असून भागत नाही. प्रवेश अर्जात मात्र मंडळाचं काम जरूर लिहा, फक्त आकड्यांत: किती डॉलरचं बजेट, किती प्रेक्षक, किती प्रायोजक.

एच-१बीवर अर्धवेळ शिकता येतं, पण दुसऱ्या संस्थेत पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि बिनपगारीही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर स्टायपेंडही नको. सक्तीच्या इंटर्नशिपऐवजी संशोधन प्रकल्प देणारा अभ्यासक्रम अशांनी निवडावा.

पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन शिकणाऱ्यांना एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा मिळत नाही, म्हणजे ओपीटीही (पदवीनंतर अमेरिकेत काम करायचा तात्पुरता परवाना) नाही. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा थेट वर्ग भारतात उन्हाळी वेळेत पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला असतो. तो कितीदा सक्तीचा आहे ते आधी विचारा. पुढे भारतात पीएचडी किंवा सरकारी नोकरी हवी असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेची चौकशी फी भरण्याआधीच करा.

मध्येच अडकलात तर

कोर्स झेपत नाही असं लक्षात आलं की पहिल्यांदा विद्यापीठाचं परताव्याचं वेळापत्रक उघडा. पूर्ण परतावा पहिल्या काही दिवसांतच मिळतो, मग टक्केवारी झपाट्याने उतरते. सरकारी कर्ज घेतलं असेल आणि सगळेच कोर्स सेमिस्टरच्या ६० टक्क्यांआधी सोडले, तर न ‘कमावलेली’ (न शिकलेल्या दिवसांची) रक्कम विद्यापीठ सरकारला परत पाठवतं आणि तेवढं बिल तुमच्या नावावर चढतं. दोनपैकी एकच सोडला तर हा प्रश्न येत नाही, पण हाफ-टाइम जातं. सोडलेल्या कोर्सची मालकाकडून मिळणारी परतफेड दोन्ही वेळा बुडते.

सेमिस्टर शेवटाला आलं असेल तर ‘इन्कम्प्लीट’ (राहिलेलं काम नंतर देण्याची मुभा) मागणं बरं, मात्र शिक्षकांशी लेखी तारीख ठरवून. ठरलेल्या मुदतीत काम दिलं नाही तर अनेक ठिकाणी त्याचा आपोआप एफ होतो. नवा कोर्स सुरू असताना जुना पुरा करायचा असतो हे लक्षात ठेवा, म्हणून पुढच्या सेमिस्टरला एक कोर्स कमी घ्या.

सुट्टी घ्यायची असेल तर लीव्ह ऑफ अ‍ॅब्सेन्स मंजूर करून घ्या. न सांगता नोंदणी थांबवली तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी आणि कदाचित नवे नियम. पदवी पूर्ण करायची मुदत बहुधा पाच ते सात वर्षांची असते. सुट्टीत ती थांबते का, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं, आणि मुदतीबाहेर गेलेली क्रेडिट बाद होऊ शकतात. कॅपस्टोन (पदवीचा शेवटचा प्रकल्प) वर्षातून एकदाच देतात का, तेही याच वेळी पाहा. फॉलचा कॅपस्टोन चुकला तर पुढचा फॉल येईपर्यंत नोंदणी जिवंत ठेवायची फी भरत बसावं लागतं.