शाळेच्या आवारातला कचरा कसा मोजावा आणि नोंदवावा

कचरा मोजायचा म्हणजे तराजूच हवा, असं वाटतं खरं. पण वजनाने फसगत होते. भिजलेला एक पुठ्ठा चॉकलेटच्या शंभर कागदांना भारी पडतो, आणि आवार घाण दिसतं ते त्या कागदांमुळे. म्हणून नग मोजा. वजन हवंच असेल तर कचरा वाळवून घ्या आणि वेगळ्या रकान्यात लिहा.

आधी आवाराचा कच्चा नकाशा काढा: फाटक, मैदान, डबा खायची जागा, कुंपणाची कड. प्रत्येक ठिकाणी टेपने १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा. दोन्ही कर्ण १४.१४ मीटरच्या आसपास आले की कोपरे काटकोनात आहेत. खुंट्या ठोकू नका, मुलं अडखळतात, फक्की पुरते. कुंपणालगत जागा अरुंद असेल तर ५ बाय २० घ्या, क्षेत्रफळ तेवढंच.

पहिल्या दिवशी चौकोन पूर्ण साफ करा. हे टाळलं तर महिनाभर साचलेला कचरा एका दिवसाच्या नावावर चढतो. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपल्यावर, पण झाडलोटीच्या आधी मोजा. पुढेही हीच वेळ पाळा.

हातमोजे घालून एकाने उचलायचं, दुसऱ्याने पाच-पाचच्या रेघा ओढायच्या. उचललेला नग दोनदा मोजला जात नाही. काच, ब्लेड, सुई मुलांनी उचलू नये. मोठ्या माणसाने चिमट्याने घ्यावी.

खरा घोळ तुकड्यांचा. एका वहीच्या पानाचे दहा कपटे म्हणजे एक नग की दहा? काहीही ठरवा, पण आधी ठरवा आणि तक्त्याच्या माथ्यावर लिहा. सोपा नियम असा: २ सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा सोडायचा, मोठा प्रत्येक तुकडा एक नग, बाटलीपासून सुटलेलं झाकण वेगळं.

कागद, प्लास्टिक, धातू, काच, अन्न, इतर एवढे प्रकार पुरेत. काहीच सापडलं नाही तर ० लिहा. कोरा रकाना म्हणजे मोजलंच नाही.

चौकोन लहान-मोठे असतील तर १०० चौरस मीटरवर आणा: ६० चौरस मीटरात २७ नग, म्हणजे ४५.

तारीख, वेळ, पाऊस, वारा, कचऱ्याचा डबा ओसंडत होता का, हेही टिपा. वाऱ्याच्या दिवशी कुंपणाशी अडकलेली वेष्टनं तिथेच टाकलेली असतील असं नाही.