निबंधसंग्रह कसा वाचायचा?

सगळ्यात आधी, पहिल्या पानापासून सलग वाचायचा हट्ट सोडा. ही कादंबरी नाही, मधलं काही सुटलं तरी बिघडत नाही. अनुक्रमणिका उघडा, जे शीर्षक डोळ्यात भरेल तिथून सुरू करा आणि एका बैठकीत एकच निबंध, फार तर दोन, कारण पाठोपाठ पाच वाचले की सगळे एकमेकांत मिसळतात आणि एकही धड लक्षात राहत नाही.

निबंध हा प्रकार रुजवणाऱ्या मॉन्तेन या फ्रेंच लेखकाने 1580 मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' हे जे फ्रेंच नाव दिलं त्याचा अर्थच मुळी 'प्रयत्न', आणि छापून झाल्यावरही तो 1592 मध्ये जाईपर्यंत त्यात भर घालत राहिला. त्याचा एक निबंध मरणावर आहे आणि एक छोटासा चक्क हाताच्या अंगठ्यावर! म्हणून निष्कर्ष शोधत बसू नका, माणूस विचार करता करता कुठे वळतो ते बघा, मला तरी खरी मजा तिथेच वाटते. वळण दिसलं की समासात पेन्सिलने बारीक खूण करा.

कंटाळा आला तर निबंध खुशाल सोडा, फक्त वर तारीख टाका आणि दोन-तीन वर्षांनी परत उघडा. माझे असे सोडलेलेच काही निबंध आता सगळ्यात लाडके आहेत.