आजीची काठवट दुरुस्त करताय? या चुका टाळा

गणपतीच्या तयारीला माळा उघडला की काठवट म्हणजे लाकडी परात, शिरवाळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) साचा, रवी, जुनी आडोळी म्हणजे विळी असं सगळं खाली येतं. काळवंडलेलं, वर बुरशीची पांढुरकी साय. मग घरातलं कोणीतरी बाह्या सरसावतं. एका वर्षी ते कोणीतरी मीच होते.

पहिली चूक मुहूर्ताची. जून ते सप्टेंबर कोकणातल्या हवेत लाकूड ओल धरून फुगतं, तडे मिटल्यासारखे दिसतात. आमच्या काठवटीची चीर श्रावणात केसाएवढी होती. मी तीत भुसा आणि गोंद दाबून भरला, वरून पॉलिश पेपर मारला आणि स्वतःवर खूश झाले. मार्चमध्ये लाकूड आकसलं, चिरेत नख जाईल एवढी फट पडली आणि गोंदाची खपली सुटून तांदळाच्या पिठात आली. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कडक गोंद त्याच्याबरोबर हलत नाही. म्हणून चिरेचं काम पाऊस गेल्यावर, लाकूड पुरतं सुकलं की करा. काठवट मोठी असेल तर सुताराकडून बाहेरच्या अंगाने पितळी पट्टी मारून घेणं उत्तम. गणपतीला हवीच असेल तर मीठ-लिंबाने घासून, पुसून तशीच वापरा.

धुऊन झाल्यावर खळ्यात, म्हणजे अंगणात, कडक उन्हात ठेवू नका. वरची बाजू आधी सुकते, आत ओल राहते आणि लाकूड वाकतं किंवा तडकतं. सावलीत, वारा दोन्ही बाजूंनी लागेल असं उभं टेकवा. रात्रभर पाण्यात भिजत घालणं तर त्याहून वाईट.

आता तेल, म्हणजे वादाचा विषय. ‘आजी खोबरेलच लावायची’ हे मलाही ऐकवलं गेलं. खरंय, पण तिची काठवट रोज घासली जायची, आपली वर्षभर माळ्यावर. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडात सुकत नाही; चिकट राहतं, धूळ धरतं, पुढे खवट होतं. जवसाचं कच्चं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, पण दमट हवेत त्याला दोन-तीन आठवडेही लागतात. रंगाच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ जवस तेल नको, त्यात बहुधा धातूंची रसायनं असतात. कच्च्या तेलाचा पातळ थर लावायचा आणि वीसेक मिनिटांनी वरचं पुसून टाकायचं. व्हार्निशची चकाकी पोळपाटावर लाटण्याच्या घासण्याने टिकत नाही. पापुद्रे पोळीत जातात.

पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०, रेषांच्याच दिशेने. मग ओल्या फडक्याने पुसा. तंतू उभे राहतील, सुकल्यावर परत २२० फिरवा. ही पायरी सगळेच गाळतात आणि मग खरखरीत लागतं म्हणून कुरकुरतात.

आडोळीच्या पात्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंडाचा गंज लाकडातल्या टॅनिनला भिडलेला. लिंबू चोळा. आगळ (कोकमाचा रस) नको, लाल डाग पडेल.

बारीक भोकांतून पिठासारखी पूड पडत असेल तर कीड आहे. रॉकेल किंवा कीटकनाशक खाण्याच्या भांड्याला नको. रवी, लाटणं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर पिशवी न उघडता बाहेर ठेवून गारवा जाऊ द्या.

जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा, नाहीतर दोरीवर एकेक पसरून वाळवा.