ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये दारं कुठे लावावीत, आणि कुठे त्यांच्यावर विसंबू नये

ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांचा किल्ला वसवून सांभाळायचा संगणकावरचा खेळ. तो नव्याने खेळायला घेतलेल्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "भो, दार तर लावलं होतं, मग आत घुसले कसे?" उत्तर सोपं आहे. या खेळात दार ही घरच्यांची सोय आहे. शत्रूचा बंदोबस्त वेगळ्या गोष्टीने करायचा असतो. तो शेवटी सांगतो, आधी दार.

टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा हा खेळ २००६ पासून लोक खेळतात. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रांची आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. जुनी अक्षरांची आवृत्ती आजही फुकट मिळते. बटणं आणि मेनू थोडे वेगळे आहेत, पण दारांचे नियम सारखेच.

पहिली पायरी: दार घडवा

खेळात दार ही आधी बनवायची आणि मग बसवायची वस्तू आहे. दगडी दार दगडकामाच्या कार्यशाळेत होतं, लाकडी सुताराकडे, धातूचं लोहाराच्या भट्टीवर आणि काचेचं काचभट्टीत. सुरुवातीला दगडीच करा. बोगदे खणताना दगडांचा खच पडतोच आणि एका दाराला एक दगड पुरतो. लाकूड पलंगांसाठी राखून ठेवा, कारण पलंग दगडाचे होत नाहीत.

दुसरी पायरी: जागा निवडा

दाराला शेजारी भिंत लागते, खोदून उरलेली किंवा बांधलेली. मोकळ्या दालनाच्या मध्यात ते बसत नाही. एक दार एक चौकोन व्यापतं. वाट रुंद असेल तर दारांची रांग लावायच्या भानगडीत न पडता भिंत बांधून वाटच अरुंद करा.

आधी झोपायच्या खोल्यांना दारं द्या. त्यानंतर लगेच सडक्या वस्तूंच्या कोठाराला. जमिनीखाली काही सडलं की जांभळट दुर्गंधीचे ढग उठतात आणि त्यात सापडलेला बुटका नाराज होतो. बंद दार ती दुर्गंधी अडवतं. जेवणघर अशा कोठाराच्या जवळ असेल तर दोघांच्या मध्ये दोन दारं ठेवा, म्हणजे ये-जा करताना एक उघडलं तरी दुसरं बंद राहतं.

तिसरी पायरी: दाराला हुकूम द्या

लावलेल्या दारावर क्लिक केलं की दोन पर्याय महत्त्वाचे. पहिला, दार घट्ट बंद ठेवण्याचा. याने पाळीव जनावरं अडतात आणि बुटके मात्र ये-जा करतात. (मांजर बुटक्याच्या पायात पायात आत शिरलंच, तर त्याला इलाज नाही.) दुसरा पर्याय कुलपाचा. कुलूप लावलं की आपली माणसंही जाऊ शकत नाहीत.

कुलपाची खरी ताकद ही, की ते तत्क्षणी लागतं. कुणा बुटक्याला तिथपर्यंत धावत जावं लागत नाही. खेळ थांबवून ठेवला असला तरी हुकूम देता येतो. म्हणून गडबड उडाली की पहिला हात कुलपावर. पण त्याआधी बाहेर कोण राहिलंय ते बघा, आणि बंद होणाऱ्या भागात कोण कोंडलं जातंय तेही. आत खायला-प्यायला नसेल तर कुलूप काढायला विसरणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

आणखी एक खोच. दाराच्या चौकोनात काही पडलेलं असेल, मोजा, हाड किंवा एखादं प्रेत, तर दार बंदच होत नाही. जिथे चकमक झाली तिथलं दार हमखास असं उघडं राहतं. त्यामुळे महत्त्वाच्या दारापाशी कोठार ठेवू नका आणि लढाई झाली की उंबरठा आधी साफ करून घ्या.

चौथी पायरी: पाणी

बंद दार पाणी अडवतं, लाव्हासुद्धा. पण साधं दार बुटक्याने उघडलं की पाणी आत. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीकाठाची काय तारांबळ उडते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तेव्हा पाण्याजवळचं दार एकतर कुलूपबंद ठेवा किंवा खटक्याला, म्हणजे लांबून ओढायच्या दांडीला, जोडा. खटक्याला जोडलेलं दार कुणी हाताने उघडू शकत नाही. खटका ओढला तरच ते उघडतं.

पाचवी पायरी: वेशीवर दार नको, पूल हवा

आता त्या पोरांचं उत्तर. कुलूपबंद दारापुढे साधे गॉब्लिन, म्हणजे खेळातले नेहमीचे हल्लेखोर, थांबतात. पण वेढा घालायला येताना ते ट्रोल नावाचे धिप्पाड राक्षस आणतात, आणि ट्रोल दार फोडतो. चोरटे कोबोल्ड तर कुलूपच उघडतात. म्हणून बाहेरच्या तोंडावर उचलता येणारा पूल बांधा. उचललेला पूल भिंतीसारखा उभा राहतो आणि ट्रोलला तो तोडता येत नाही.

यासाठी यंत्रकाराकडून दगडाचे तीन यंत्रभाग करून घ्या: एक खटका उभारायला, आणि दोन खटका-पूल जोडायला. बांधताना पूल कोणत्या बाजूला उचलला जाईल ते विचारलं जातं. ती बाजू आतली निवडा, म्हणजे तो किल्ल्याचं तोंड बुजवतो. रुंदी तीन चौकोन ठेवा. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना तीन चौकोन रुंद वाट लागते, आणि एका चौकोनाच्या दारातून त्या येणार नाहीत.

खटका जेवणघरात बसवा. पूल कुलपासारखा तत्क्षणी बंद होत नाही. आधी कुणीतरी येऊन खटका ओढायचा, मग थोड्या वेळाने पूल हलायचा. जेवणघरात कुणीतरी रिकामं असतंच.

मग आतल्या दारांचा युद्धात काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो अरुंदपणाचा. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्याला एकामागे एक पाच दरवाजे होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपची फौज बाहेरचे दरवाजे ओलांडून आत आली. खरी कापाकापी झाली ती आतल्या दिंडीपाशी, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारापाशी, जिथून एका वेळी मोजकीच माणसं शिरू शकत होती. आधी आत शिरलेले इंग्रज अधिकारी तिथेच मारले गेले. किल्ला शेवटी पडला, पण ती दिंडी इंग्रजांना महागात पडली.

तेच खेळात करा. पुलाच्या आत एक लांब, एक चौकोन रुंदीचा बोगदा, त्याच्या टोकाला दार, आणि दारामागच्या मोकळ्या दालनात तुमचे शिपाई अर्धवर्तुळात. ट्रोल दार फोडेल, फोडू द्या. पण तो एकेकटा बाहेर येईल आणि समोर चार-पाच कुऱ्हाडी असतील. गाड्यांसाठी वेगळी रुंद वाट ठेवा आणि तिच्यावर दुसरा पूल. खटके दोन झाले की प्रत्येकाला नाव द्या, नाहीतर ऐन वेढ्यात चुकीचा ओढला जातो. पूल बांधून झाला की त्याच्यावर कुणी उभं नाही हे पाहून एकदा खटका ओढून बघा, कारण पूल उचलताना वर जे असेल ते भिरकावलं जातं.