जुनी छोटी गाडी घेताना आधी रेडिएटरचं झाकण उघडा

दोन ते साडेतीन लाखांत आल्टो, वॅगन-आर, आय-टेन, टियागो अशी एखादी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला : "किती पळालीय?" माझं लातुरात गॅरेज आहे. गाडी दाखवायला येणारी माणसंही आधी मीटरचाच आकडा सांगतात. मी त्यांना म्हणतो, आकडा नंतर बघू, आधी पाण्याचं बोला. या गाडीनं आजवर कुठलं पाणी पिलं, आणि ती कधी पाण्यात उभी होती का, हे मराठवाड्यात गाडी घेताना सगळ्यात आधी कळलं पाहिजे. मीटर मागं घेऊन देणारे कुठल्याही शहरात भेटतात. इंजिनात बसलेला क्षार मात्र कुणाला असा एका दिवसात काढता येत नाही.

रेडिएटर म्हणजे इंजिन गार ठेवणारी पुढची जाळी. तिच्यात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रंगीत द्रव, असायला पाहिजे, आणि त्यात मिसळायचं पाणी डिस्टिल्ड. आपल्याकडं होतं काय, की कूलंट कमी झालं की माणूस शेताच्या हौदातलं नाहीतर ढाब्याच्या पिंपातलं पाणी ओततो. ते असतं बोअरचं. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघितली तरी समजतं. तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, नळ्या चोंदतात, वॉटर पंपाचं सील जातं. हिवाळ्यात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मे महिन्यात चार माणसं बसवून एसी लावून गाडी चढावर घेतली की ती तापते. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते तापून वाकतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडच्या खालचं सील, जातं. मग दोन लाखांच्या गाडीवर मोठा खर्च बसतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पिण्याच्या पाण्याचेच एवढे हाल असताना गाडीला विकतचं पाणी कोण घालणार? म्हणून त्याआधीची, आपल्याच भागात वापरलेली गाडी आली की तिचं झाकण मी उघडल्याशिवाय राहत नाही.

तुम्हीही उघडा. पण इंजिन पूर्ण गार असतानाच. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, त्यात माणसं भाजलेली आहेत. सकाळी जा, वर फडकं धरा, दाबून हळू फिरवा. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ पाणी दिसलं तर गाडी कुणीतरी नीट सांभाळलीय. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. मग झाकण उलटं करून रबराच्या कडेला नख लावा. चहाच्या पातेल्याला आतून बसतो तसा पांढरा खरखरीत थर नखाला लागला, तर मालकानं कितीही शपथा घेतल्या तरी ती गाडी बोअरच्या पाण्यावर चाललेली आहे. पाण्यावर तेलाची साय तरंगत असेल तर गाडी तिथंच सोडा. काही गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं, तिथं कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीत हेच सगळं बघायचं.

त्याच वेळी इंजिन ऑइलचं झाकण काढा आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, तीही ओढून बघा. दोन्हीकडं दुधाळ चिकट फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी चाललंय. थंडीत, रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या नुसत्या झाकणाला थोडा फेस येऊ शकतो. तेवढ्यावर गाडी नाकारू नका.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि थांबा. गार इंजिन चालू होताना जे खरं कळतं ते तापल्यावर झाकलं जातं. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. थंडीत थोडी वाफ निघणं वेगळं, पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पुन्हा हेड गॅस्केटचाच संशय.

मग अर्धा तास एसी लावून फिरवा आणि एसी चालूच ठेवून एका जागी उभी करा. पंखा आपोआप लागला पाहिजे आणि तापमानाचा काटा मधून वर जायला नको. काही छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसता दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा गाडीत एसी बंद करून हीटर लावून बघा. इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा आली, तर आतला मार्ग क्षारानं चोंदला असण्याची दाट शक्यता. ही तपासणी फुकटात होते आणि तरी फार कमी लोक करतात.

पुरात उभी राहिलेली गाडी

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी सगळ्यांना पूर आले. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड भागात घरांत पाणी शिरलं, शेतं खरवडून गेली, आणि दारात उभ्या असलेल्या गाड्याही पाण्यात गेल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, आतून शाम्पू मारून आता विकायला येतात. मालकाचं नुकसान झालंय हे मला समजतं, पण घेणारा बहुतेक वेळा पहिलीच गाडी घेणारा असतो, सोसायटीचं कर्ज काढून आलेला असतो. त्याला खरं सांगितलं गेलंच पाहिजे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी पुढं येईना असं होईपर्यंत. धुणारा माणूस बाहेर दिसतो तेवढाच पट्टा धुतो. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असते, आणि पाणी कुठवर चढलं होतं ते तिथं कळतं. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यात उचला, खालचं जाड अस्तर हातानं दाबून वास घ्या. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, दारातल्या स्पीकरची भोकं, फ्यूज बॉक्सची मागची बाजू, हे सगळं टॉर्च लावून बघा. आपल्या काळ्या मातीतून फिरणाऱ्या गाडीच्या खालच्या अंगाला चिखल असणारच, त्यात वावगं काही नाही. डॅशबोर्डच्या आत गाळाची बारीक पूड असेल तर मात्र ती रस्त्यावरून आलेली नाही. शेतातल्या घरी उभी राहणारी गाडी असेल तर बॉनेटखालच्या वायरीही निरखून बघा. उंदरांनी कुरतडून वर टेप गुंडाळलेली सापडते.

आणखी एक : मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चढत गेला असेल तर ठीक. मध्येच शून्यावर आला असेल तर क्लेम झाला असेल, विमा खंडित झाला असेल किंवा गाडीचा मालक बदलला असेल. कशामुळं, ते विचारा.

कुठल्या सालची, कुठली

इथं माझं मत पक्कं आहे. जमत असेल तर २०१९ च्या जुलैनंतर बनलेली घ्या. त्या वर्षी एप्रिलपासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत बहुतेक वेळा दोन्ही नसतात. ऊस चालू झाला की रात्री आपल्या रस्त्यांवर विनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या असतात. अचानक ब्रेक लावावा लागला तर एबीएसची गाडी हातात राहते. पन्नास हजार जास्त गेले तरी चालतील, त्यासाठी म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील सोडा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर एअरबॅग फुटलेली असून दिवाच काढून टाकला असेल, असंही असतं.

मॉडेल निवडताना, औशाला किंवा अहमदपूरला पार्ट मिळतो का, हे बघा. शेवरोलेनं २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री बंद केली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही, आणि त्या स्वस्तही मिळतात. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्यानं एका बॉडी पार्टसाठी महिनाभर थांबायची तयारी ठेवावी.

आल्टो ८०० च्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आहे, मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला चेन. बेल्टची गाडी असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा. नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा खर्च धरा. कंपनीची सीएनजी गाडी असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, बघा.

"मिस्त्री, गाडी लई भारी हाय, कवाच गॅरेजचं तोंड बघितलं नाही तिनं," असं मालक अभिमानानं सांगतात. माझ्या लेखी ही तक्रार आहे. सर्व्हिसची बिलं असलेली नव्वद हजार पळालेली गाडी मी बिनबिलाच्या चाळीस हजारवालीच्या आधी घेईन. मीटरवर शंका असेल तर क्लचच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची पकड बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. तो आठवडा गाडी बनल्यानंतरचा असेल तर टायर बदललेले आहेत. पंचवीस हजार पळालेल्या गाडीला दुसरा टायरचा संच कसा लागला, हे मालकाला सांगू द्या.

अपघाताचं थोडक्यात : बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का, दाराचं रबर ओढल्यावर खालचे वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, आणि उन्हात रंगाची छटा एक आहे का. चालवताना गुळगुळीत हायवेवरून जाऊन आलात तर काहीच कळणार नाही. काचा खाली करून एखाद्या पाणंद रस्त्यावर घ्या आणि ऐका. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढं घेतल्यावर कटकट आली तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. गाडी वर उचलून खालून बघितल्याशिवाय आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

भाव आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विकणारा अजून जुनी शोरूम किंमत सांगून त्यातून वजाबाकी करत असेल, तर आजचं नव्या गाडीचं कोटेशन मोबाइलवर दाखवा आणि तिथून बोलायला सुरुवात करा. सोयाबीन विकून हातात पैसा आला की दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक वाढतं आणि भावही चढतो. पितृपंधरवड्यात सौदे थांबलेले असतात. गाडी तेव्हा बघून, बोलणी करून ठेवा आणि घटस्थापनेला घरी आणा.

एमएच २४, म्हणजे लातूरचा नंबर, सोडून उदगीर-देगलूर पट्ट्यात कर्नाटक, तेलंगणाच्या गाड्या चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसतात. दिल्लीकडच्याही येतात, कारण तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. परराज्यातली गाडी बारा महिन्यांवर इथं ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. तो टॅक्स भाव ठरवतानाच मोजा. पुष्कळदा सगळी स्वस्ताई तिथंच संपते.

आणि बॉण्डवर गाडी घेऊ नका. नोटरी केलेला बॉण्ड आणि किल्ली हातात आली म्हणजे गाडी आपली झाली, हा समज आपल्याकडं फार पसरलाय. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. म्हणजे विकणाराही अडकतो. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आरसी, पीयूसी, चालू विमा, आणि मालकाचा तो मोबाइल नंबर चालू पाहिजे ज्यावर ओटीपी येतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं चढू द्या. धाकट्या भावाची हरकत नंतर निघाली तर गाडी तुमच्या दारात अडकते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, नोंदणी कुठवर आणि चलन किती थकलंय ते विकणाऱ्यासमोरच बघा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षित नंबरपाटी, बसवलेली आहे ना, तेही.

सगळं करून तीस-चाळीस हजार हातात राहतील असाच सौदा करा. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट सिस्टीम फ्लश करून नवं कूलंट, एवढं पहिल्या महिन्यात करून घ्यायचंच. गाडी नावावर व्हायला टाकली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडं नाव बदलायचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडंच राहतो, त्यामुळं फरकाचा हप्ता भरावा लागेल. तोही त्याच तीस-चाळीस हजारांत धरा.